सात-बारा नाही, म्हणून पत नाही?

अल्पभूधारक, बटाईदार आणि कष्टकरी स्त्रियांच्या छोट्या कर्जाची गोष्ट

मृगाचे नक्षत्र लागले की मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरच्या वस्त्यांमधून राहणाऱ्या आपल्या कितीतरी घरांत गावाकडून फोन येतो. "दादा, पाऊस दोन दिवसांवर आलाय. बियाणं-खत अजून घेतलेलं नाही. दहा हजाराची काही सोय होईल का?" फोन ऐकणारा दादा कुठे कंपनीत कंत्राटी कामगार असतो, कुठे महापालिकेत असतो, कुठे रिक्षा चालवतो. महिन्याचे सामान, मुलांची फी, खोलीचे भाडे यांतून त्याच्याजवळ दहा हजार उरलेले नसतात. तो म्हणतो, "बघतो." गावाकडचा भाऊ किंवा बहीण दोन दिवस वाट पाहते आणि मग जिथे लगेच पैसे मिळतात तिथे जाते.

पैसे लगेच कोण देतो? बँक देत नाही. सोसायटी देत नाही. देतो तो गावातला सावकार, नाहीतर बियाण्याच्या दुकानाचा मालक, नाहीतर हल्ली मोटारसायकलवरून येणारा कर्जवाल्या कंपनीचा माणूस. पेरणी टळत नाही, म्हणून व्याजाचा दर कोणी विचारत बसत नाही. आणि त्या एका आठवड्यातल्या घाईची किंमत ते घर पुढे वर्षभर भरत राहते.

देशातील शेतीच्या खात्यांपैकी शंभरात सुमारे शहाऐंशी खाती दोन हेक्टरपेक्षा, म्हणजे पाच एकरांपेक्षा कमी जमिनीची आहेत, असे २०१५-१६ च्या कृषिगणनेत दिसून आले. म्हणजे लहान शेतकरी हाच या देशातला खरा शेतकरी. तरीही कर्जाची सारी व्यवस्था त्याला पाहून आखलेली नाही. असे का व्हावे, आणि आपल्या माणसांनी यातून वाट कशी काढावी, याचा विचार या लेखात करू.

दहा हजारांचा हिशेब

प्रथम हिशेब पाहू. जूनमध्ये दहा हजार रुपये घेतले आणि सहा महिन्यांनी, माल विकल्यावर, एकरकमी फेडले असे समजा.

सावकार शेकडा पाच लावतो. म्हणजे शंभराला महिन्याला पाच रुपये. ऐकायला पाचच वाटतात, पण वर्षाला ते साठ टक्के होतात. सहा महिन्यांचे व्याज तीन हजार रुपये. बचत गटातून शेकडा दोनने घेतले, तर व्याज बाराशे रुपये; आणि ते बाराशे गटाच्याच पेटीत, म्हणजे आपल्याच बायाबापड्यांत राहतात. बँकेचे पीककर्ज सात टक्के वार्षिक दराने मिळाले, तर सहा महिन्यांचे व्याज साडेतीनशे रुपये. वेळेवर फेडणाऱ्याला केंद्राची तीन टक्के सवलत मिळून दर चार टक्क्यांवर येतो. तसे झाले तर फक्त दोनशे रुपये.

रक्कम तीच, पीक तेच, पाऊस तोच. एकाला दोनशे रुपये पडतात आणि दुसऱ्याला तीन हजार. दुसरा आळशी किंवा अडाणी आहे म्हणून हे घडत नाही. बँकेचे दार त्याच्यासाठी उघडत नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

दार का उघडत नाही?

पीककर्जाची पहिली अट सात-बारा आणि आठ-अ. ज्याच्या नावावर जमीन, त्याची पत. पण शेतात राबणारा आणि सात-बारावर नाव असणारा हे नेहमी एकच नसतात.

पहिला आहे बटाईदार. दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसणारा. राज्यात १९४८ च्या कूळ कायद्याने आणि पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालकी देण्याचे मोठे काम केले. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा झाला की, कूळ लागेल या धास्तीने मालक बटाईचा कागदच करीत नाही. सारा व्यवहार तोंडी. पीक बटाईदाराचे, घाम बटाईदाराचा आणि कागदावर तो कोणीच नाही.

दुसरी आहे घरातली स्त्री. निंदणी, खुरपणी, वेचणी, सारे तिच्या हातचे. पण जमीन सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर. नवरा वारला किंवा सोडून गेला की वारसनोंदीसाठी तिला तलाठी कार्यालयाच्या किती फेऱ्या माराव्या लागतात, हे आपल्या अनेक भगिनींना अनुभवाने ठाऊक आहे.

तिसरा आहे ज्याची जमीन वडिलोपार्जित इनामाची, वतनाची किंवा सरकारने दिलेली आहे तो. सात-बारावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असतो. विक्रीला परवानगी लागते हे खरे. पण बँकेकडे किंवा सहकारी संस्थेकडे तारण ठेवण्याची मुभा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ मध्ये दिलेली आहे. शेरा पाहूनच कोणी परत पाठवीत असेल, तर ही तरतूद दाखवून विचारले पाहिजे.

वास्तविक, किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत बटाईदार, तोंडी कराराने जमीन कसणारे आणि त्यांचे गट यांनाही कर्ज देता येते असे स्पष्ट म्हटले आहे. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागू नये असाही रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. नियम कागदावर आहेत. पण नियम माहीत असलेला माणूस बँकेच्या काउंटरवर उभा राहिल्याशिवाय ते कागदावरून खाली उतरत नाहीत.

जुने दुखणे

हे दुखणे आजचे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवी होती ती कर्जरोख्यांची कागदपत्रे. ती काढून त्यांनी जाळली. महात्मा फुल्यांनी पुढे 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच काळातल्या शेतकऱ्याची दैना डोळ्यांनी पाहून. सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही १९५१-५२ साली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत आढळले काय? शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांपैकी सहकारी संस्थांचे जेमतेम तीन आणि सावकारांचे सत्तरच्या आसपास!

बाबासाहेबांनी या प्रश्नाच्या मुळाला १९१८ सालीच हात घातला होता. भारतातील लहान धारणक्षेत्रांवरील आपल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, जमिनीचा तुकडा किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि श्रम किती प्रमाणात आहेत यावर ते ठरते. दोन एकर आहेत म्हणून माणूस गरीब असे नव्हे. त्या दोन एकरांना लागणारे भांडवल नाही, म्हणून ते दोन एकर त्याला पोसत नाहीत. शेतीवर लोटलेल्या जादा माणसांना उद्योगधंद्यांत काम मिळाले पाहिजे, हेही त्यांनी त्याच निबंधात सांगितले. शंभर वर्षे उलटून गेली तरी हे दोन्ही मुद्दे आजही तितकेच खरे आहेत.

वहीची पत

मग ज्याच्याजवळ तारण नाही त्याने काय दाखवावे? या प्रश्नाचे एक उत्तर शेजारच्या बांगलादेशातून आले. १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावात महंमद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ४२ माणसांना मिळून ८५६ टका दिले. बांबूची मोडी विणणाऱ्या बायका व्यापाऱ्याच्या देण्यात अडकल्या होत्या. त्यांची सुटका एवढ्या थोड्या पैशांत झाली आणि त्यांनी ते पैसे परत केले. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली. गरीब माणूस कर्ज बुडवतो, या समजुतीला तिने मोठा धक्का दिला.

आपल्याकडे १९९२ साली नाबार्डने पाचशे बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. दहा ते वीस बायांनी एकत्र यायचे, ठरलेल्या दिवशी बैठक घ्यायची, ठरलेली बचत टाकायची, त्यातून एकमेकींना कर्ज द्यायचे, वेळेवर फेडायचे आणि प्रत्येक पैसा वहीत लिहायचा. ही पाच सूत्रे सहा महिने नीट पाळली की बँक ती वही पाहून गटाला कर्ज देते. सात-बाऱ्याची जागा येथे वही घेते. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि २०११ नंतर 'उमेद' अभियानाने हे काम गावोगाव नेले. अभियानातील महिला गटांना आज तीन लाखांपर्यंतचे बँककर्ज सात टक्क्यांनी मिळू शकते.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. माण हा दुष्काळी तालुका. तेथील कष्टकरी बायांनी चेतना सिन्हा यांच्यासह स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले. अर्जावर अंगठे होते, म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बाया रडत बसल्या नाहीत. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अक्षरओळख नसणे वेगळे आणि अक्कल नसणे वेगळे, हे त्या बायांनी दाखवून दिले.

गट वेगळा, कंपनी वेगळी

आता एक सावधगिरीची गोष्ट. आपल्या वस्त्यांतून 'गटाचे कर्ज' हा शब्द दोन अगदी निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यातून मोठा घोटाळा होतो.

बचत गट म्हणजे आपली बचत, आपली वही, आपला निर्णय. व्याजही गटाकडेच राहते. मायक्रोफायनान्स कंपनीचा 'गट' म्हणजे कर्ज देण्यापुरत्या एकत्र बसवलेल्या बाया. तेथे बचत नसते. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांवर दाब येतो. शेजारीण शेजारणीच्या दारात उभी राहते, नाती तुटतात. या कंपन्यांनी सात-बारा न मागता लाखो स्त्रियांना कर्ज दिले, ही त्यांची जमेची बाजू नाकारता येत नाही. बँक जिथे पोहोचत नाही तिथे त्या पोहोचतात. पण त्यांची घडी बाजारात रोज विक्री करणाऱ्या बाईला सोयीची आहे. भाजी विकली, हप्ता भरला. शेतकऱ्याला ती जमत नाही.

सोयाबीन जूनमध्ये पेरले की ऑक्टोबरमध्ये हाती येते. कापसाची पहिली वेचणी दिवाळीच्या सुमारास. तूर तर डिसेंबर-जानेवारीत. आणि कर्जाचा हप्ता मात्र पुढच्याच आठवड्यात नाहीतर पुढच्याच महिन्यात सुरू होतो. पीक जमिनीत, हप्ता दारात! मग हप्ता भरायला बाई दुसऱ्यांच्या बांधावर मजुरीला जाते आणि स्वतःच्या शेतातली निंदणी राहून जाते. मजुरीही नसेल तर एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढते. येथून जी घसरण सुरू होते ती थांबत नाही.

आंध्र प्रदेशात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. एकेका घरावर तीन-तीन, चार-चार कर्जे झाली, वसुलीची जबरदस्ती झाली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढून वसुलीवर निर्बंध घालावे लागले. तेव्हा छोटे कर्ज म्हणजे आपोआप पुण्यकर्म, असे मानण्याचे कारण नाही. कर्ज छोटे असले तरी त्याचा काळ चुकला की ते सावकारीइतकेच जाचक होते.

बांगलादेशातही हाच अनुभव आला. आठवड्याच्या हप्त्याची पद्धत शेतकऱ्याला, त्यातही बटाईने कसणाऱ्याला, सोसत नव्हती. २००९ साली तेथील मध्यवर्ती बँकेने पाचशे कोटी टका बाजूला काढून ब्रॅक या संस्थेमार्फत खास 'बर्गाचाषी' म्हणजे बटाईदारांसाठी विनातारण कर्जाची योजना सुरू केली. बटाईदाराला वेगळा माणूस म्हणून ओळखणे, हाच त्यातला महत्त्वाचा धडा होय.

आपले हक्क कोणते?

आंध्रच्या प्रकरणानंतर नियम कडक झाले. १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम सर्व बँका आणि मायक्रोफायनान्स कंपन्यांना लागू आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या विनातारण कर्जासाठी ते आहेत. त्यातील मुख्य गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात.

घरातील सर्व कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. उत्पन्न बारा हजार असेल तर सारे हप्ते मिळून सहा हजारांच्या आत. कर्जाला तारण मागता येत नाही. विमा किंवा दुसरी वस्तू गळ्यात मारता येत नाही. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. हप्ता थकला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. कर्जाचे कार्ड आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळालेच पाहिजे. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ-धमकी तर मुळीच नाही.

आणि शेतकऱ्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट ही की, कर्जदाराच्या गरजेप्रमाणे हप्त्याचा काळ ठरवण्याची सोय ठेवणारे धोरण प्रत्येक संस्थेने केले पाहिजे, असे हे नियम सांगतात. म्हणजे "माझा हप्ता पिकावर बसवा" असे म्हणणे ही भीक नव्हे. कर्ज घेण्यापूर्वीच ते विचारावे. तक्रार असेल तर आधी संस्थेकडे लेखी द्यावी. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. विनापरवाना सावकारी करणाऱ्याविरुद्ध २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे तक्रार करता येते.

आणखी एक फसवा शब्द ध्यानात ठेवावा: 'सपाट' व्याज. दहा हजारांवर बारा टक्के सपाट म्हणजे बारा महिन्यांत अकरा हजार दोनशे, महिना सुमारे ९३३ रुपये. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर धरलेले असते. खरा दर एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून 'टक्के किती' एवढेच विचारू नये. 'घटत्या शिलकीवर वर्षाला किती, आणि फी धरून किती' असे विचारावे.

घरातून सुरुवात

कर्जाने पाऊस पडत नाही आणि बाजारभाव चढत नाही. ज्याला जमीनच नाही त्याला कर्जाने जमीन मिळत नाही. त्यासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले होते. त्यांच्याच नावाची सबलीकरण व स्वाभिमान योजना दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्यासाठी आहे आणि त्यात विधवा व परित्यक्ता भगिनींना प्राधान्य आहे. गावाकडे कोणी पात्र असेल तर समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

पण आपल्या हातात असलेल्या गोष्टीही कमी नाहीत. घरची जमीन पतीच्या नावावर असेल, तर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजनेत आहे. पतीने अर्ज करावा लागतो. बंधूंनो, हा अर्ज या वर्षी कराच. वारसनोंद राहिली असेल तर ती पुरी करा. गटाची वही शाळेत जाणाऱ्या मुलीला दर बैठकीला वाचायला सांगा. बेरीज चुकली तर ती लगेच सांगेल आणि गटही सावध राहील. दवाखाना, बारसे, लग्न यांसाठी पीककर्जाला हात लावू नका. दवाखान्यासाठी गटाची पेटी वेगळी ठेवा, कारण बियाण्याचे पैसे औषधाला गेले की त्या वर्षीचे पीकही जाते आणि कर्जही राहते.

आणि शहरातील दादांनो, ताईंनो, गावाकडचा फोन मृगातच येणार हे आपल्याला ठाऊक आहे. मग तो येण्याची वाट कशाला पाहायची? मार्च-एप्रिलमध्येच आपण फोन करावा. जुने पीककर्ज वेळेत भरले का, सोसायटीचा दाखला घेतला का, वहिनी गटात आहे का, कंपनीचे कर्ज किती आणि कार्डावर काय लिहिले आहे, हे विचारावे. सुट्टीत गावी गेलो तर भावासोबत एक दिवस बँकेत जाऊन बसावे. त्याला जे बोलायला धीर होत नाही ते आपण बोलावे. जूनमध्ये पाठवलेल्या दहा हजारांपेक्षा एप्रिलमध्ये दिलेला तो एक दिवस त्या घराला अधिक उपयोगी पडेल.